खिशातल्या खेळाचा जमाखर्च

सन १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील खेळण्यांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात शिरलेल्या मुलाला, आणि त्याच्या मागोमाग पाकीट चाचपीत आलेल्या त्याच्या वडिलांना, काचेच्या कपाटात हातात धरून खेळावयाची निदान तीन यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली दिसत. त्यांतले पहिले निन्टेंडो कंपनीचे ‘गेम बॉय’. रंगाने राखाडी, अंगाने जाड, पडदा शेवाळी पिवळा, त्यावर चार छटांच्या पलीकडे काही उमटावयाचे नाही. आणि तो पडदा स्वयंप्रकाशी नसल्यामुळे खेळणाऱ्याने खिडकीशी किंवा दिव्याखाली जाऊन बसावे, असा त्या यंत्राचा जणू अलिखित हुकूमच होता. उरलेली दोन म्हणजे अटारीचे ‘लिंक्स’ आणि सेगाचे ‘गेम गिअर’. दोन्ही रंगीत, दोहोंच्या पडद्यामागे स्वतःचा उजेड, आणि दोहोंवरची चित्रे अशी झळझळीत की, ती पाहिल्यानंतर गेम बॉयकडे पुन्हा नजर वळविणे मुलाला जड जावे. किमतीत अंतर होते हे खरे. गेम बॉय ९० डॉलरांच्या घरात, गेम गिअर १५०, आणि १९८९ मध्ये बाजारात आलेले लिंक्स आरंभी १८० डॉलरांचे होते. परंतु पुढे लिंक्सची सुधारलेली आवृत्ती शंभराच्या आसपास उतरली, तरीही निकालात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

तो निकाल सर्वश्रुत आहे. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जगभर ११ कोटी ८६ लाखांवर यंत्रे विकली गेली. गेम गिअरची मजल एक कोटी सहा लाखांच्या आसपास थांबली. लिंक्स त्याच्याही पुष्कळ खाली राहिले. डोळ्यांनी निवड करावयाची असती तर हे आकडे नेमके उलटे लागावयास हवे होते. या विपरीत निकालाची कारणे देताना अनेकांनी ग्राहकाच्या साधेपणाचे पोवाडे गायिले आहेत, तर काहींनी कंपनीच्या व्यापारी दराऱ्याकडे बोट दाखविले आहे. मला मात्र या प्रकरणाचे मूळ कागद निराळेच वाटतात. कारण हातातले यंत्र निवडणारा मनुष्य, त्याला त्याची जाणीव असो वा नसो, एक खरेदी करीत नसून एक आश्रित पदरी घेत असतो, आणि आश्रिताच्या बाबतीत त्याला आणण्याच्या खर्चाहून त्याला पोसण्याचा खर्च अधिक महत्त्वाचा ठरतो.

तो खर्च मांडून पाहू. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते सुमारे पंधरा तास पुरत. गेम गिअरला सहा लागत आणि ते तीन ते पाच तासांत मान टाकीत. लिंक्सची स्थितीही फारशी निराळी नव्हती. म्हणजे पंधरा तासांच्या खेळासाठी एकीकडे चार सेल आणि दुसरीकडे अठरापासून तीसपर्यंत. सुटीच्या दोन महिन्यांत रोज दीड-दोन तास खेळणाऱ्या मुलाच्या घरी हा हिशेब किती लवकर वडिलांच्या कानी जात असेल, याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही. एवढी भूक कशाची होती? बव्हंशी पडद्यामागच्या उजेडाची. पांढरा प्रकाश देणारा एलईडी त्या काळी अद्याप जन्मास यावयाचा होता. पडदा उजळावयाचा तर त्यामागे बारीकशी फ्लुओरेसंट नळी बसविणे भाग होते, आणि ती नळी सेलांतील बहुतेक शक्ती गिळंकृत करीत असे. भिंतीतल्या विजेवर चालविण्याची सोय अर्थातच होती. पण दोरीने भिंतीला बांधलेल्या यंत्राला खिशातले यंत्र म्हणणे ही केवळ शिष्टाचाराची बाब होय.

हा हिशेब ज्या एका माणसाने यंत्राची रचना होण्यापूर्वीच मनाशी केला होता, त्यांचे नाव गुनपेई योकोई. क्योतो शहरी १८८९ मध्ये हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनविण्यासाठी स्थापन झालेल्या निन्टेंडो या पेढीत ते १९६५ मध्ये रुजू झाले ते काही संशोधक म्हणून नव्हे. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्यांचे काम. फावल्या वेळात त्यांनी कात्रीसारखा लांब होणारा एक हात करून ठेवला होता. तो कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस पडला, आणि शिस्तीचा बडगा उगारण्याऐवजी त्यांनी ते खेळणे बाजारात आणण्याचा हुकूम केला. ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते १९६६ मध्ये विक्रीस आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. देखभाल करणारा मनुष्य असा खेळण्यांच्या खात्याचा मुखत्यार झाला.

पुढची हकीकत स्वतः योकोई यांनी सांगून ठेवली आहे. वेगवान आगगाडीत एक कारकुनी पेशाचा प्रवासी कंटाळा घालविण्यासाठी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबीत बसलेला त्यांनी पाहिला, आणि प्रौढ माणसाला चारचौघांत संकोच वाटू नये एवढा लहान खेळ का असू नये, हा विचार त्यांच्या मनात आला. सत्तरीच्या दशकात जपानी कंपन्यांमध्ये कॅल्क्युलेटरच्या किमती उतरविण्याची जी जीवघेणी चुरस लागली होती, तिच्यामुळे द्रवस्फटिकाचे पडदे आणि लहान चिप्स मुबलक व स्वस्त झाल्या होत्या. त्या स्वस्ताईतून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ ही मालिका निघाली : एका यंत्रात एक खेळ आणि वर एक घड्याळ. १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या यंत्रावर त्यांनी अंगठ्याखाली बसणारे अधिकचिन्हाच्या आकाराचे बटण दिले, आणि आज जगातल्या बहुतेक खेळयंत्रांवर ते ठाण मांडून आहे. योकोई यांचे सूत्र असे की, जे तंत्र जुने होऊन पक्के, स्वस्त आणि सर्वपरिचित झाले आहे तेच घ्यावे, आणि नावीन्य शोधावयाचे ते त्या तंत्राच्या अनपेक्षित उपयोगात शोधावे.

गेम बॉयच्या वेळी या सूत्राची कसोटी लागली. रंगीत पडदा त्या काळी अशक्य नव्हता. नको असे योकोई यांनी ठरविले होते. फळ्यावर खडूने दोन वर्तुळे काढून त्याला बर्फाचा माणूस म्हटले की, तो प्रत्येकाला पांढराच दिसतो. खेळ चांगला असेल तर उरलेला रंग मन भरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिस्पर्ध्यांचे यंत्र येत असल्याची वार्ता त्यांच्या सहकाऱ्याने आणली तेव्हा ते रंगीत आहे की कृष्णधवल, एवढेच त्यांनी विचारले, आणि रंगीत असल्याचे कळताच मग काळजी नाही असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. अर्थात साधेपणालाही मर्यादा असते, आणि ती योकोई यांना त्यांच्या अध्यक्षांनी दाखवून दिली. पडद्याचा पहिला नमुना असा होता की, किंचित तिरपे पाहिले तर त्यावर काहीच दिसू नये. यामाउची यांनी तो साफ नामंजूर केला, आणि शार्प कंपनीकडून निराळ्या जातीचा पडदा मिळवावा लागला तेव्हा कुठे काम मार्गी लागले. ते यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजी जपानात १२,५०० येनला विक्रीस आले. १६० गुणिले १४४ बिंदूंचा पडदा, आठ किलोबाइट कार्यस्मृती. आजच्या फोनवर काढलेले एक छायाचित्रही एवढ्या जागेत मावणार नाही.

लिंक्सची कथा याच्या अगदी उलट, आणि म्हणूनच मला ती थोडी करुण वाटते. ते यंत्र रचणारे डेव्ह नीडल आणि आर. जे. माइकल हे दोघे अमिगा संगणकाच्या निर्मितीत मुरलेले, अव्वल दर्जाचे अभियंते होते. एपिक्स नावाच्या संस्थेत त्यांनी ही निर्मिती केली, संस्थेला पैशांची चणचण भासली, आणि यंत्र अटारीच्या हाती गेले. डावखुऱ्या माणसाला पडदा उलटा करून खेळता यावे एवढा विचार त्यांनी केला होता. निव्वळ कारागिरीच्या निकषावर लिंक्सला त्या तिघांत पहिला मान द्यावा लागेल, आणि मी तो बिनतक्रार देतो. ते सोबत घेऊन दूरच्या प्रवासाला मात्र मी निघालो नसतो.

सेगाच्या जाहिरातदारांनी तर गेम बॉयच्या मालकांची उघड टवाळी मांडली होती. त्यांच्या एका जाहिरातीत एक मुलगा आपल्या फिक्या पडद्यावर रंग दिसावेत म्हणून मेलेली खार डोक्यावर आपटून घेतो! हसू येते, परंतु बहुसंख्यांनी घेतले ते गेम बॉयच.

आता या साऱ्यावरून सेलांचा हिशेब म्हणजेच संपूर्ण सत्य, असा निष्कर्ष जो काढील तो घाई करील. यंत्र कितीही काटकसरी असो, त्यावर खेळावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. गेम बॉयपुरते त्याचे उत्तर मॉस्कोतून आले. अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात ‘टेट्रिस’ रचला तेव्हा त्याचे हक्क कोणाचे, हा प्रश्न सोव्हिएत व्यवस्थेत कोणाला पडलाच नव्हता. आणि पडला तेव्हा तो ‘एलोर्ग’ या सरकारी खात्याच्या दप्तरी जाऊन पडला. फेब्रुवारी १९८९ मध्ये हेंक रॉजर्स नावाचे खेळांचे एक प्रकाशक आमंत्रणाशिवाय मॉस्कोत दाखल झाले. हातातल्या यंत्रावर टेट्रिस वापरण्याचा लेखी परवाना कोणालाही दिला गेलेला नाही, हे त्यांना त्या खात्याच्या मेजापाशी उमगले. त्याच आठवड्यात आणखी दोन दावेदार त्याच इमारतीत येऊन-जाऊन होते, आणि तरी सनद रॉजर्स यांच्याच पदरात पडली. अमेरिकेत निन्टेंडोचे काम पाहणारे मिनोरू अराकावा यांना ते सांगत राहिले की, यंत्रासोबत मारिओ दिलात तर ते मुलगे घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. अमेरिकेत आरंभीच्या प्रत्येक गेम बॉयसोबत टेट्रिस गेला. पडणारे ठोकळे चार छटांत जेवढे स्पष्ट दिसतात तेवढेच रंगांतही दिसतात, त्यामुळे यंत्राचे वैगुण्य या खेळापुरते वैगुण्यच राहिले नाही. विमानात, दवाखान्याच्या बाकावर, कचेरीच्या जेवणसुटीत मोठी माणसे ते यंत्र घेऊन बसू लागली. १९९३ मध्ये रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी तर ते मीर अवकाशस्थानकावर नेले.

योकोई यांच्या सूत्राला पुराणवचन मानणाऱ्यांसाठी एक प्रतिकूल साक्षही नोंदवून ठेवतो. १९९५ चे ‘व्हर्च्युअल बॉय’ हेही त्यांचेच अपत्य, त्याच तत्त्वावर वाढविलेले. रंग एकच, तांबडा, कारण तांबडे एलईडी स्वस्त आणि वीज कमी खाणारे. यंत्र मात्र मेजावर ठेवून त्यात डोळे खुपसून पाहावयाचे. डोके दुखण्याची तक्रार सार्वत्रिक, खेळ मोजके. वर्षभराच्या आत ते गुंडाळावे लागले. काटकसर हा गुण तेथेही होता. मांडीवर, अंथरुणात, गाडीच्या मागच्या आसनावर जागा मिळण्याची सोय मात्र त्यात नव्हती. योकोई यांनी १९९६ मध्ये निन्टेंडो सोडली आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात रस्त्यावरील अपघातात ते गेले. बंदाई कंपनीसाठी त्यांनी आखलेले ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये आले तेव्हा ते एका, केवळ एका, पेन्सिल सेलावर चालत होते.

गेम बॉय मात्र याच सुमारास, खरे तर सेवानिवृत्तीच्या वयात, पुन्हा तरणा झाला. सातोशी ताजिरी यांचे ‘पोकेमॉन’ फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात निघाले. लहानपणी किडे पकडण्याचा छंद असलेल्या या गृहस्थांना, दोन गेम बॉय जोडणाऱ्या तारेतून एक किडा या यंत्रातून त्या यंत्रात चालत जातो आहे, असे चित्र सुचले होते. बाजारात आलेल्या खेळात प्राण्यांची ही देवाणघेवाण खरोखरच अनिवार्य होती, कारण कोणत्याही एका कार्ट्रिजमध्ये सर्व प्राणी मिळतच नसत. म्हणजे शेजारच्या मुलाकडे जे यंत्र आहे तेच घेणे शहाणपणाचे. निवडीचे हे कारण कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते, आणि मुलांना ते न सांगता कळते.

आपल्याकडे या रणधुमाळीचे पडसाद फार उशिरा व फार क्षीण उमटले. परदेशस्थ मामा-काकांनी आणलेले एखादे गेम बॉय सोसायटीत असे, आणि त्याच्या मालकाला त्या सुटीपुरती सरदारकी प्राप्त होई. बाकीच्यांच्या वाट्याला आले ते चिनी बनावटीचे ‘ब्रिक गेम’ : वर ‘९९९९ इन १’ असे दिमाखदार बिरुद, आत टेट्रिसची नक्कल आणि वेगाच्या फरकाने हजारोंनी मोजलेले मूठभर खेळ. जत्रेत, फेरीवाल्याच्या पाटीवर, पदपथावरच्या दुकानांत ते मिळे, आणि सेल संपले की टीव्हीच्या रिमोटमधले काढून त्यात घातले जात. हा सेलांचा हिशेब क्योतोपासून चिंचवडपर्यंत एकच होता.

पुढे २००४ च्या अखेरीस तीच लढत नव्या नावांनी झाली. सोनीच्या ‘पीएसपी’चा रुंद, देखणा पडदा आणि निन्टेंडोच्या ‘डीएस’चे दोन लहान पडदे, त्यांतला खालचा बोटाने वा लेखणीने स्पर्शावयाचा; अमेरिकेत किमती अनुक्रमे २५० आणि १५० डॉलर. डीएस १५ कोटी ४० लाखांवर गेले, पीएसपी आठ कोटींच्या आसपास. याला पराभव म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय पीएसपी भारतात अधिकृतपणे, बिलासह, दुकानात मिळे. हैदराबादच्या ‘गेमशास्त्र’ संस्थेने त्यासाठी ‘देसी अड्डा’ नावाचा खेळ केला आणि त्यात विटीदांडू, कबड्डी, पतंग असा सरंजाम होता. आपल्या अंगणातले खेळ अशा यंत्रावर फार थोड्या वेळा आले.

आजच्या खरेदीदारापुढे नावे बदलली आहेत, बेरीज-वजाबाकी तीच आहे. डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे ज्याला मुंबईकर अद्याप लॅमिंग्टन रोडच म्हणतात तेथे, किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर शोध घेणाऱ्याला मुख्यतः तीन वाटा दिसतात. निन्टेंडोचे ‘स्विच’ आणि २०२५ मध्ये आलेला त्याचा धाकटा भाऊ. व्हॉल्व कंपनीचा ‘स्टीम डेक’. आणि विंडोजवर चालणारी, असुसच्या ‘आरओजी अॅलाय’च्या जातीची यंत्रे. यांपैकी अॅलाय २०२३ मध्ये आपल्याकडे ६९,९९० रुपयांना रीतसर आला. पहिली दोन आपल्या देशात अधिकृतपणे विकली जात नाहीत. जी मिळतात ती कोणीतरी कोठून तरी आणलेली असतात, आणि त्यांची हमी समुद्र ओलांडून येत नाही.

अॅलायच्या पहिल्या आवृत्तीत बॅटरी ४० वॅट-तासांची होती. भारी खेळ लावला आणि यंत्राने एकंदर वीस-पंचवीस वॅट ओढले की दोन तासांच्या आत खेळ खलास. पडदा तेवढ्या वेळात डोळ्यांचे पारणे फेडतो, यात संशय नाही. मूळच्या स्टीम डेकची बॅटरीही तेवढीच, परंतु त्याचा पडदा कमी बिंदूंचा आणि चिप पंधरा वॅटांच्या मर्यादेत ठेवलेली, म्हणून कंपनी दोन ते आठ तासांचा दावा करते. त्यातले दोन कोणाच्या वाट्याला आणि आठ कोणाच्या, हे खेळावर ठरते. जाणकार मालक चित्रांची गती सेकंदाला साठऐवजी चाळीसवर बांधतात, उजेड उतरवितात, आणि दिल्ली-मुंबई विमानप्रवास निभावून नेतात. मूळच्या स्विचमध्ये तर २०१७ साली दोन वर्षे जुनी चिप बसविलेली होती. योकोई यांना ते पाहून बरे वाटले असते.

तेव्हा मला कोणी विचारलेच तर मी पडद्याचा तपशील विचारण्यापूर्वी खेळणाऱ्याचा दिवस विचारीन. ज्याच्याकडे संगणकावर घेतलेल्या खेळांचा संग्रह आधीच आहे, जो घरी कोचावर बसून खेळणार आहे आणि ज्याच्या हाताशी चार्जरची पिन आहे, त्याने अॅलायच्या जातीचे यंत्र खुशाल घ्यावे. गेम गिअरच्या मालकापेक्षा तो अधिक सुखी राहील, कारण त्याला सेल विकत आणावे लागत नाहीत. खेळ नवे घ्यावयाचे असतील तर हेही पाहावे की, व्हॉल्वच्या ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात सवलतीच्या दिवसांत जो खेळ काही शेकड्यांत मिळतो, त्या तोलाच्या निन्टेंडोच्या खेळाची किंमत वर्षानुवर्षे हलत नाही. दहा वर्षांच्या मुलासाठी मात्र मी अजूनही ‘स्विच लाइट’कडे बोट दाखवीन : पावणेतीनशे ग्रॅम वजन, टीव्हीला जोडण्याची भानगड नाही, बॅटरी तीन ते सात तास. अंगठ्याने हलवावयाच्या त्याच्या काठ्या अंगातच बसविलेल्या असल्यामुळे त्या बिघडल्या की संपूर्ण यंत्र उघडावे लागते. म्हणून घेण्यापूर्वी, ते दुरुस्त करून देणारा मनुष्य आपल्या गावात किंवा निदान जवळच्या शहरात आहे की नाही, याची चौकशी करून ठेवावी, आणि चुलतभावाकडे कोणते यंत्र आहे हेही विचारून घ्यावे.